म्हणे, ‘मशीनलाच जमत नव्हतं’!

गेल्या महिनाभरात हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. एकदा भाच्याच्या, एकदा ऑफिसातल्या एका मित्राच्या आणि एकदा यूट्यूबवर ‘जगातले सर्वात वाईट गेम’ असलं काहीतरी दाखवत खिदळणाऱ्या कुणाच्यातरी. तिघांचा विषय एकच, ‘रेव्होल्यूशन एक्स’. तिघांचा निकालही एकच: पार्लरमधलं मोठं मशीन झकास होतं, घरच्या आवृत्त्या भिकार निघाल्या, पण त्यात कुणाचा दोष नाही, त्या काळच्या मशीनला तेवढंच जमत होतं.

पहिल्या दोन वाक्यांशी माझं भांडण नाही. तिसऱ्याशी आहे, आणि ते आज इथे सविस्तर भांडायचं ठरवलंय.

ज्यांना गेमशी काही देणंघेणं नाही अशा नातेवाईक मंडळींसाठी (मावशी, तूसुद्धा वाच, पळू नकोस) आधी थोडी ओळख. १९९४ साली अमेरिकेतल्या ‘मिडवे’ कंपनीने पार्लरसाठी हा गेम काढला. मुळात गोळीबाराचा खेळ. कॅबिनेटवर तीन बंदुका बसवलेल्या, म्हणजे तिघं शेजारी शेजारी उभे राहून एकाच वेळी धडाधड. पण गंमत म्हणजे यात प्रत्यक्ष ‘एरोस्मिथ’ हा रॉक बँड होता! स्टीव्हन टायलर, जो पेरी आणि बाकीचे तिघं, सगळ्यांचं चित्रीकरण करून त्यांना गेममध्ये बसवलं होतं. गोष्ट अशी, की १९९६ सालात ‘न्यू ऑर्डर नेशन’ नावाची एक जुलमी सत्ता जगावर राज्य करते आहे, तिने संगीत, टीव्ही, मासिकं, व्हिडिओ गेम असं तरुणांना आवडणारं सगळं बंद केलंय, आणि हेल्गा नावाची एक बाई तिचा चेहरा आहे. ती बँडला पळवून नेते. आपण लॉस एंजेलिसच्या एका क्लबातून सुरुवात करायची, मग ॲमेझॉनचं जंगल, मध्यपूर्व वगैरे फिरत शेवटी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये पोचायचं. वाटेत बँडचे पाचही जण लपलेले असतात, त्यांना शोधून काढायचं. बंदुकीतून गोळ्या सुटतात आणि मोठा दणका द्यायचा असेल तर चक्क सीड्या! संगीत हेच शस्त्र, असं गेमचं ब्रीदवाक्यच होतं.

हसू येतंय ना? येऊ दे. मलाही येतं. या गोष्टीत खोली वगैरे शोधायला जाऊ नये. पण मोठा आवाज, मोठा पडदा, खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन मित्र आणि मागून वाजणारं खरं रॉक संगीत, एवढ्यावर तो गेम उभा होता आणि तेवढ्यापुरता तो प्रामाणिक होता. खिशातलं एखाद-दुसरं नाणं टाकायचं, चार मिनिटं धुमाकूळ घालायचा, घरी जायचं.

मग १९९५-९६ मध्ये ‘अक्लेम’ने त्याच्या घरगुती आवृत्त्या बाजारात आणल्या. सुपर निन्टेन्डो, सेगा जेनेसिस, मग प्लेस्टेशन, सॅटर्न आणि डॉसवाला पीसीसुद्धा. त्या वेळच्या मासिकांनी त्यांना झोडपून काढलं, आणि आजही वाईट पोर्टची यादी निघाली की हे नाव हमखास येतं.

आता ‘पोर्ट’ म्हणजे काय ते सांगते, कारण माझं पोट त्यावरच चालतं. गेम नव्हे हो, कंटाळवाणी बँकिंगची सॉफ्टवेअर. एका मशीनवर चालणारी गोष्ट दुसऱ्या, वेगळ्या मशीनवर चालती करायची, हे माझं गेली कित्येक वर्षं काम आहे. त्यामुळे ‘मशीनलाच जमत नव्हतं’ हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की ते कुठून येतं हे मला वासावरून कळतं. दहातल्या आठ वेळा त्याचा खरा अर्थ असतो, ‘आम्हाला विचार करायला वेळ दिला नव्हता.’

आधी मशीनची बाजू घेऊ. ती खोटी नाही. सुपर निन्टेन्डोला आवाजासाठी ६४ केबी मेमरी होती. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला सुमारे १७६ केबी खातो. म्हणजे अर्धं सेकंदही मावणार नाही. त्या मशीनच्या स्वतःच्या पद्धतीने आवाज दाबून, मोनो करून भरला, तरी एका वेळी साडेतीन-पावणेचार सेकंद. जेनेसिसवर पडद्यावर एका वेळी साधारण ६४ रंग. आणि इकडे मूळ गेम म्हणजे खऱ्या माणसांचे फोटो आणि खरी गाणी! कार्ट्रिजवर तो जसाच्या तसा येणं शक्यच नव्हतं. मान्य, शंभर टक्के मान्य.

पण मंडळी, प्रश्न इथेच सुरू होतो. जसाच्या तसा येणार नाही हे पहिल्या दिवशी माहीत असताना ‘जसाच्या तसा’ आणायचा प्रयत्न का केला?

बंदुकीचंच घ्या. पार्लरमधली ती बंदूक कॅबिनेटला जखडलेली असते. तुम्ही ती जिकडे वळवाल तिकडे निशाणा त्याच क्षणी जातो. मनगट वळलं की पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला, डोळ्याचं पातं लवायच्या आत. आता घरच्या पॅडवर या. बाजारात बंदुका होत्या (सुपर स्कोप आणि मेनेसर या दोन्ही १९९२ च्या), पण त्या वेगळ्या पैशांच्या, फार थोड्या घरांत असलेल्या. बहुतेक मुलांच्या हातात होता तो साधा पॅड, चार दिशांच्या बटणाचा. त्यावर निशाणा ‘जात’ नाही, तो ‘सरकतो’. सुपर निन्टेन्डोचं चित्र २५६ ठिपके रुंद. समजा निशाणा दर फ्रेमला ४ ठिपके सरकतोय, तर डावीकडून उजवीकडे जायला ६४ फ्रेम, म्हणजे सेकंदाहून जास्त. आणि शत्रू येतायत ते बंदुकीच्या हिशेबाने, दोन्ही बाजूंनी एकदम!

हा मशीनचा दोष आहे का? पॅड कसा चालतो हे गेम बनवायच्या आधीपासून जगाला माहीत होतं. शत्रू कमी करा, त्यांची चाल बदला, निशाणा शत्रूजवळ गेला की थोडा चिकटेल असं काहीतरी करा, किंवा माणूसच पडद्यावर आणून वेगळा खेळ करा. यातल्या कशालाही जास्तीची मेमरी लागत नाही. लागतो तो कुणीतरी शांतपणे बसून केलेला विचार.

दुसरी गोष्ट नाण्यांची. ही मला जास्त खुपते. पार्लरचा गेम अवघड असतो तो मुद्दाम. दर दोन-चार मिनिटांनी तुम्ही मेलात तरच मालकाचा गल्ला भरतो. एकेका हेलिकॉप्टरवर शंभर-शंभर गोळ्या झाडाव्या लागतात, कारण तेवढ्या वेळात तुम्ही दोनदा मरून नाणं टाकणार असता. ही लबाडी म्हणा किंवा धंदा म्हणा, पण तिथे ती सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. घरी मात्र नाणं टाकायची फटच नाही. ते मूल आधीच, एकदाच, पन्नास-साठ डॉलर देऊन बसलंय. बहुतेक घरांत ते वाढदिवसाचे किंवा नाताळचे, वर्षातून एकदा मिळणारे पैसे. मग त्याच्यासमोर तेच न संपणारं हेलिकॉप्टर का ठेवायचं? ज्या कारणासाठी ते तसं होतं ते कारणच उरलेलं नाही. लग्नाच्या हॉलवर भाड्याने आणलेली हजार माणसांची पातेली चौघांच्या स्वयंपाकाला वापरण्यासारखं आहे हे. का, तर पाककृतीत तसं लिहिलंय!

तिसरी गोष्ट माणसांची. पार्लरमध्ये तिघं, घरी दोघंच. इथे लगेच कुणीतरी म्हणेल, कन्सोलला दोनच पॅड लागतात. थांबा जरा. याच मिडवेचा ‘एनबीए जॅम’ हा चौघांचा गेम याच अक्लेमने १९९४ मध्ये याच दोन कन्सोलवर आणला होता, आणि जास्तीचा ॲडॅप्टर लावला तर घरीही चौघं खेळू शकत होते. तो पोर्ट लोकांनी डोक्यावर घेतला. त्याच्या आधी १९९३ च्या सप्टेंबरात ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला होता, तोही याच जोडगोळीचा, तोही खऱ्या माणसांच्या फोटोंवर बनलेला. तेव्हा या मशीनांवर हे जमत नव्हतं असं नाही, या कंपन्यांना जमत नव्हतं असंही नाही. त्या दोन गेमवर मेहनत घेतली गेली असणार हे हातात पॅड घेतला की कळतं. इथे मात्र खोक्यावरच्या पाच चेहऱ्यांवर विसंबलं गेलं, असं माझं मत आहे. बँडचं नाव आहे ना, मग खपेल.

आणि गाणी! संगीत हेच शस्त्र म्हणायचं आणि कार्ट्रिजमधून बँडच्या गाण्यांच्या जागी चिपचा किणकिणाट ऐकवायचा. वर हिशेब मांडला तोच इथे माझ्या विरुद्ध कुणी वापरेल, ६४ केबीत गाणं कसं बसवणार? पण १९९५ च्या डिसेंबरात जपानमध्ये याच सुपर निन्टेन्डोवर ‘टेल्स ऑफ फँटेशिया’ आला, आणि त्याच्या सुरुवातीला चक्क माणसाने गायलेलं गाणं आहे. त्यांनी कार्ट्रिज मोठं केलं, आवाज तुकड्यातुकड्याने मेमरीत सोडला. महाग पडलं असेल, पण केलं. बरं, तेही सोडा. सीडीवर चालणाऱ्या प्लेस्टेशन आणि सॅटर्नचं काय? एका सीडीवर ७४ मिनिटं संगीत मावतं हे तर गेममध्ये सीड्या फेकून मारणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं! तरी त्या आवृत्त्याही टीकेतून सुटल्या नाहीत. तिथे जागेची सबब संपते आणि ‘मशीन’वाला युक्तिवादही संपतो.

यातला विरोधाभास बघा. त्याच १९९४ च्या जूनमध्ये याच एरोस्मिथचं ‘हेड फर्स्ट’ हे गाणं कॉम्प्युसर्व्हवर फुकट उतरवून घ्यायला ठेवलं होतं. त्या काळच्या मोडेमवर तासभर वाट बघावी लागली असेल, पण शेवटी हातात यायचं ते खरं गाणं. फुकट घेणाऱ्याला खरं आणि साठ डॉलर मोजणाऱ्याला नक्कल.

आता उलट उदाहरणं, म्हणजे मी नुसती कुरकुरतेय असं वाटायला नको. सेगाचा ‘व्हर्चुआ कॉप’ १९९४ मध्ये पार्लरला आला आणि १९९५ मध्ये सॅटर्नवर, सोबत बंदूक, तीही एकाच खोक्यात मिळायची सोय. नामकोने ‘टाइम क्रायसिस’ १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आणला तेव्हा त्यासाठी गनकॉन ही नवी बंदूक काढली आणि पार्लरमध्ये नसलेली एक अख्खी वेगळी मोहीम घातली, कारण घरी बसलेल्याला चार मिनिटांपेक्षा जास्त काहीतरी हवं असतं हे त्यांनी ओळखलं. त्याच्याही मागे जा. ‘निन्जा गायडेन’ पार्लरमध्ये मारामारीचा गेम होता. निन्टेन्डोच्या जुन्या ८-बिट मशीनवर आणताना तो जवळजवळ नव्याने लिहिला. ‘बायॉनिक कमांडो’चंही तेच. आज लोकांना आठवतात त्या घरच्याच आवृत्त्या. आणि ते मशीन तर सुपर निन्टेन्डोपेक्षा कितीतरी दुबळं!

आपल्याकडे हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. आपण रूपांतरं बघत मोठे झालो. पुलंनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’चं ‘ती फुलराणी’ केलं तेव्हा लंडनच्या गल्लीतली बोली शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणली नाही. तसं केलं असतं तर पहिल्या अंकातच लोक उठून गेले असते, आणि मग कुणीतरी म्हणालं असतं, ‘मराठी भाषेलाच जमत नाही हो.’ भाषेला जमत होतं. मात्र त्यासाठी कुणीतरी आधी विचारावं लागतं की या नाटकात नेमकं काय जिवंत आहे आणि ते इथल्या मातीत कशाने जिवंत राहील. रेव्होल्यूशन एक्समध्ये जिवंत काय होतं? हातातली बंदूक, शेजारचे मित्र, कानठळ्या बसवणारं गाणं. घरी आणताना नेमक्या याच तीन गोष्टी गेल्या आणि उरलं काय, तर फोटो. तेही फिकुटलेले.

‘अगं पण एवढं काय मनाला लावून घेतेस, तीस वर्षांपूर्वीचा पोरखेळ तो’, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन कारणं सांगते.

पहिलं कारण आठवणीचं. पार्लरची कॅबिनेट सडतात, विकली जातात, भंगारात जातात. घरची कार्ट्रिजं आणि सीड्या मात्र कपाटात टिकतात. त्यामुळे वाईट पोर्ट नुसता वाईट राहत नाही, तो मूळ गोष्टीची जागा घेतो. माझ्या भाच्याने मूळ मशीन कधी पाहिलेलं नाही, त्याच्या लेखी रेव्होल्यूशन एक्स म्हणजे ती सुपर निन्टेन्डोवाली आवृत्तीच. ज्या लोकांनी मूळ गेमवर कष्ट केले असतील त्यांच्यावर हा अन्याय आहे. आज दाद मागायलाही कुणी उरलेलं नाही. अक्लेम २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली, मिडवे २००९ मध्ये.

दुसरं कारण आजचं. ही सबब तेव्हा चालून गेली, म्हणून पुढेही चालत राहिली. २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ आला. त्यातही, योगायोग बघा, बंदुका आहेत आणि एक रॉक गायक आहे. प्लेस्टेशन ४ वर तो इतका मोडका निघाला की सोनीने काही दिवसांतच आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत दिले. तो परत यायला २०२१ चा जून उजाडला. तेव्हाही वाक्य तेच: ते जुनं मशीन आहे हो, त्याला कसं झेपेल? अरे, झेपणार नव्हतं तर त्या मशीनसाठी विकलात कशाला? फरक एवढाच की आता निदान पैसे परत मिळतात, पुढे दुरुस्तीही येते. १९९५ च्या कार्ट्रिजला ना दुरुस्ती, ना परतावा. पोराने वर्षभर तेच खेळायचं, आणि आपल्यालाच नीट जमत नाही असं समजून गप्प बसायचं. माझा सगळा राग खरं तर या शेवटच्या गोष्टीवर आहे. मोठ्यांनी घाईत केलेल्या कामाचा दोष आठ-दहा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या अंगठ्यांकडे घ्यायचा!

आता, ‘व्यवसाय म्हटला की तारखा आल्या, बजेट आलं, परवान्याचे पैसे आले’ हेही मला कुणी शिकवू नये. बँडचं नाव गरम आहे तोवर माल बाजारात जायला हवा, हे दडपण मी समजू शकते. अशा तारखांखाली मीही काम करते. पण तारीख चुकली तर नुकसान कंपनीचं होतं, आणि तारीख पाळून अर्धवट माल दिला तर नुकसान घेणाऱ्याचं होतं. त्यातला दुसरा पर्याय निवडला गेला एवढंच सरळ म्हणा. निर्जीव मशीनवर ढकलू नका, ते बिचारं उलट बोलू शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी जुना गेम, जुना सिनेमा किंवा जुनं नाटक ‘नव्या रूपात’ घेऊन आलं तर मंडळी, चित्र किती सुबक आहे हे नंतर बघा. आधी विचारा की मूळ गोष्टीत मजा कशात होती, आणि ती मजा या खोक्यात आहे का. नसेल तर दुकानदाराला तसं तोंडावर सांगा आणि पैसे खिशात ठेवा.

भाच्याला हे सगळं फोनवर ऐकवून झालंय. त्याचं उत्तर आलं, ‘मावशी, तू फार सिरीयसली घेतेस.’ घेते बाबा. कुणीतरी घ्यायला हवं ना!

असो. ज्यांना पटलं नसेल त्यांनी भांडायला जरूर यावं. फक्त ‘मशीनलाच जमत नव्हतं’ ही सबब सोडून दुसरं काहीतरी घेऊन या. :)